अण्णांच्या डाव्या बाजूची खुर्ची

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी फार हुशार होते. पुढे ती हुशारी हळूहळू उतरत गेली, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाबतीत माझी तब्येत बरीच सुधारली आहे. तेव्हा मात्र तिचा चांगलाच जोर होता. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनातून मी नुकतीच निवृत्त झाले होते. काम म्हणजे पानं लावायची. मजकूर कुठे, चित्र कुठे, समास किती, अक्षर केवढं, हे ठरवणारी बाई मी. दुसरी-तिसरीच्या मुलांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून उभी हयात पानं स्वच्छ करण्यात गेली. माझ्या पानावर हत्ती आला तरी चौकटीत अंग चोरून उभा राहायचा.

अशा बाईला बंगळूरच्या हेवी मेटलवाल्यांचं मासिक सजवायला कुणी बोलावलं असं विचाराल, तर मालोजी अण्णांनी. आणि का बोलावलं असं विचाराल, तर चष्म्यामुळे.

गेल्या आठवड्यात मुलानं मला नव्या चष्म्यासाठी एका चकचकीत दुकानात नेलं. हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, समोर फुगा दिसतोय का बघा. दिसला. झालं. यंत्रानं नंबर सांगून टाकला. मी म्हटलं, "अगं, पण तक्ता कुठाय? मी वाचू काय?" दुकानातली मुलगी म्हणाली, "आंटी, गरजच नाही." घरी येईपर्यंत मला अण्णा आठवत राहिले. त्यांच्या दुकानात शिरलेलं माणूस काहीतरी वाचल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि काय वाचायला लागेल याचा नेम नसे.

जयनगरच्या बाजारात, एका आडव्या गल्लीत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं आणि परत जायचं विसरलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं विरघळलेलं की मी निपाणीची, दोन्ही भाषा येणारी, तरी मला त्यांचं वाक्य कुठल्या भाषेत संपेल याचा अंदाज लागायचा नाही. वयानं ते माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तरी मी त्यांना अण्णा म्हणायची आणि ते मला अक्का. बंगळुरात ही नाती दुकानाची पायरी चढल्याबरोबर ठरतात.

दिसायला म्हणाल तर बँकेतल्या कॅशियरसारखे. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, कपाळावर सकाळच्या पूजेचं गंध. आवाज इतका मऊ, की या माणसानं आयुष्यात रिक्षासुद्धा हाका मारून थांबवली नसेल असं वाटावं. आणि या माणसाला सबंध दक्षिण बंगळुरातली लांब केसांची, काळ्या बनियनांची पोरं-पोरी ओळखत. संध्याकाळी ती दुकानात येत, चपला बाहेर काढत, आणि हळू आवाजात विचारत, "अण्णा, नवीन काही ऐकलंत?" गाणं सुरू झालं की पोरांच्या माना गरागरा फिरायला लागत. अण्णांचा फक्त डाव्या पायाचा अंगठा हलायचा. बाकी देह स्थिर. त्यांच्या काउंटरवर चष्म्याला मागून बांधायची इलॅस्टिकची पट्टी असे. खेळाडू मुलांसाठी म्हणून ठेवलेली, पण घेणारे सगळे हेच. "मान हलवायची तर हलवा," अण्णा त्यांना सांगत, "चष्मा स्वल्प सांभाळा."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं, नाकावर ते जड भिंगांचं लोखंडी प्रकरण चढवलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "वाचा."

मी वाचायला लागले. पण तो तक्ता नव्हता. कशाचं तरी छापील पान होतं, तक्त्याच्या खिळ्याला अडकवलेलं.

"ओळी फार चिकटल्यात," मी म्हटलं. "डावीकडचा समास गेलाय. आणि हे अक्षर या कामाचं नव्हे."

अण्णांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला चष्मा नको, अक्का," ते म्हणाले. "तुम्हाला काम पाहिजे."

ते पान 'कर्कश'चं होतं. नाव संस्कृत, मजकूर इंग्रजी, वाचक बहुतेक कन्नड, संपादक मराठी. तीन महिन्यांनी, किंवा अण्णांना जमेल तेव्हा निघणारं. सगळं मासिक एकाच जातीच्या संगीताला वाहिलेलं. दुसऱ्या कशाला त्यात जागा नाही. मी ते संगीत जन्मात ऐकलं नव्हतं. पण मला वाटलं, त्यात काय ऐकायचंय? पान ते पान. मोबदला म्हणून अण्णांनी आमच्या घरातल्या सगळ्यांच्या चष्म्यांचा भार उचलला. घरी सांगितल्यावर आमचे हे म्हणाले, "तुला आवाजाचा इतका त्रास होतो, की मी पापड खाल्लेला चालत नाही." मी त्यांना सांगितलं की मी आवाजाचं काम करणार नाहीये, कागदाचं करणार आहे. इतकी मी हुशार होते.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवते. अण्णांचा डावा कान तेव्हा पूर्ण गेलेला होता, आणि उजव्यानं निघायची तयारी केलेली होती. मला हे बऱ्याच उशिरा कळलं. पण तुम्हाला आत्ताच माहीत असलं म्हणजे पुढे मी जे ज्ञान पाजळणार आहे, ते तुम्हाला मजेत वाचता येईल.

पहिल्या अंकाची पानं मी जीव ओतून लावली. ऐसपैस समास, नितळ अक्षर, वर बारीक वेलबुट्टी. गिटार घेऊन किंचाळणाऱ्या माणसाचा फोटो होता; तो मी लहान करून कोपऱ्यात, गोल चौकटीत घातला. तोंड फार उघडं होतं म्हणून. दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं ऑफिस, पण पानाची परीक्षा पुढेच व्हायची. अण्णांची पद्धत अशी, की नवं पान तक्त्याच्या खिळ्याला लावायचं आणि आपण गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसायचं. मग बराच वेळ बघत राहायचं.

"पान गप्प बसलंय, अक्का."

"म्हणजे?"

"ऐकू येत नाही."

"अण्णा, पान दिसायचं असतं."

"गलाटे कुठाय यात?" गलाटे म्हणजे गोंगाट, आरडाओरडा, दंगा, कन्नडमधला हा शब्द अण्णांच्या तोंडी देवाच्या नावासारखा यायचा. "हे पान बघून शेजारी दार वाजवत आला पाहिजे."

यावर मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना पानाचं शास्त्र सांगितलं. डोळा कुठून कुठे जातो, मोकळ्या जागेचं महत्त्व काय, वाचकावर अन्याय कसा होतो. अण्णा मान हलवत होते. "सरी," ते म्हणत होते, म्हणजे बरं, ठीक आहे. "सरी, सरी." बोलता बोलता त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला आणि पिवळ्या फडक्यानं पुसायला लागले. ही त्यांची सवय. समोरच्या कुणाचाही चष्मा ते असा काढून पुसून देत, आणि नेमका तेव्हाच समोरचा माणूस भांडत असे. चष्म्याविना माणूस फार वेळ भांडू शकत नाही. बोलतोय ते कुणाच्या तोंडावर, हेच त्याला दिसत नाही. पण मी चिवट. मी चष्म्याविना शास्त्र पुरं केलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "पटलं त्यांना."

दुसऱ्या दिवशी गेले तर पान खिळ्यालाच होतं आणि अण्णा खुर्चीत. "पान गप्प बसलंय, अक्का," ते म्हणाले. काल काही बोलणं झालं होतं याचा चेहऱ्यावर पत्ता नाही.

असं कितीतरी महिने चाललं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून पोटतिडकीनं बोलायची. ते सरी-सरी म्हणायचे. मला वाटायचं, माणूस विचारी आहे, ऐकून घेतो, पण निश्चयाचा पक्का आहे. कधी वाटायचं माझ्या बोलण्यानं ते अंतर्मुख होतात. एकदा तर मी ह्यांना म्हटलं, "इतकं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी पाहिला नाही." ह्यांनी उचललेला पापड हळूच परत ताटात ठेवला.

मग 'ब्लॅक अमावास्या'चं प्रकरण झालं.

हा बसवनगुडीतल्या पोरांचा बँड. नाव ऐकून मी अण्णांना म्हटलं होतं, "अमावास्या काळीच असते. वेगळं ब्लॅक कशाला?" अण्णा म्हणाले, "स्वल्प जोरात सांगायला." त्या बँडवर अण्णांचा फार जीव. ड्रम वाजवायला अनुषा नावाची मुलगी होती. दिवसा कुठल्याशा कचेरीत कॉम्प्युटरवर बसायची आणि रविवारी असं बडवायची, की अण्णांचे दोन्ही अंगठे हलत. शहराबाहेर, तासाभरावरच्या होसकोट्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला होता. रविवारी दुपारी, कारण आसपासचे कारखाने तेव्हा बंद असतात आणि तक्रार करायला कुणी नसतं. अण्णा त्या रविवारची वाट मुंजीतल्या बटूसारखी बघत होते. मला वाटलं, हौस. कान संपायच्या आत हे एकदा ऐकायचं, असं त्यांनी मनाशी धरलंय हे मला काय माहीत.

कार्यक्रमाच्या आधीचा अंक त्या बँडवर काढायचा होता. बँडनं आपल्या नावाचं चिन्ह पाठवलं. मी उघडून पाहिलं आणि बसलेच. बाभळीच्या काट्यांचा भारा कुणीतरी जाळायला रचून ठेवावा तसं काहीतरी. उलटं धरलं, आडवं धरलं. अक्षर म्हणून कुठे सापडेना. मला त्या पोरांची दया आली. वाटलं, बिचाऱ्यांना चांगला चित्रकार मिळाला नाही. नाव लोकांना वाचताच आलं नाही तर पोरं पुढे कशी येणार? मी रात्रीचं जेवण लवकर उरकलं, कॉम्प्युटरपुढे बसले आणि ते नाव नव्यानं काढून दिलं. टपोरी, सरळ, गोलसर इंग्रजी अक्षरं. पहिलीच्या पुस्तकात 'A for Apple' ज्या वळणाचं असतं, त्या वळणाची. मुखपृष्ठावर आडवंच्या आडवं. अण्णा त्या आठवड्यात डॉक्टरकडे खेटे घालत होते, त्यामुळे ते पान खिळ्याला लागलंच नाही. थेट छापखान्यात गेलं.

अंक आला त्याच्या दोन दिवसांनी संध्याकाळी अनुषा दुकानात आली. काळा बनियन, दंडावर साप गोंदलेला. आल्या आल्या माझ्या पाया पडली आणि रडायला लागली.

"अज्जी, हे काय केलंत?"

कन्नडमध्ये आजीला अज्जी म्हणतात. मला तेव्हा नातवंडंसुद्धा नव्हती, पण तो मुद्दा मी तूर्त बाजूला ठेवला. "का गं? वाचता येत नाही का?"

"वाचता येतंय! हेच तर झालंय. अम्मालापण वाचता येतंय!"

झालं होतं ते असं. बँडचं ते काट्यांचं चिन्ह पुढे छापलेला बनियन अनुषा वर्षभर घरात घालत होती. तिच्या आईनं, गिरिजाक्कानं, तो रोज धुतला, गच्चीवर आपल्या पूजेच्या साडीशेजारी वाळत घातला. तिला ते वडाच्या पारंब्यांचं चित्र वाटायचं. मुलगी घरी ड्रम वाजवते ती हौस, आणि रविवारी बाहेर जाऊन झाडांचं काहीतरी करते, असं ती शेजारणींना सांगायची. आता मुलीच्या पिशवीत आमचा अंक सापडला. वर टपोऱ्या अक्षरात नाव, आत मुलीचा फोटो. बाईनं अक्षर लावून वाचलं आणि घरात प्रलय झाला. पोटच्या पोरीनं छातीवर अमावास्या घेऊन घरात फिरायचं? देवघरापुढून जायचं? होसकोट्याला जायचं नाही. ड्रमला हात लावायचा नाही.

मी अंक उचलून पुन्हा पाहिला. मग म्हटलं, "म्हणजे ते चिन्ह मुद्दाम तसं होतं?"

"अज्जी," ती नाक पुसत म्हणाली, "ज्याला वाचायचंय त्याला येतंच वाचता."

अण्णांनी अंक हातात घेतला. बराच वेळ माझ्या अक्षरांकडे पाहिलं. मी वाट बघत होते, की आता हा मऊ माणूस पहिल्यांदा आवाज चढवणार. ते म्हणाले, "अक्का, अक्षर छान आलंय," आणि उठून दुकानाचं शटर ओढायला लागले. "चला. गिरिजाक्काकडे जाऊन येऊ."

बसवनगुडीत गिरिजाक्काचं घर. तेही आमच्यासारखंच मराठी-कन्नड एकत्र शिजलेलं. बाहेरच्या खोलीत एक लांब कोच होता. बसताना अण्णांनी थोडी गडबड केली. आधी एका टोकाला बसले, मग उठून मध्ये आले, मला म्हणाले, "तुम्ही इकडे, उजवीकडे बसा, अक्का." मी मानानं बसले. गिरिजाक्काला त्यांनी हातानं डावीकडची जागा दाखवली.

गिरिजाक्का बसली आणि सुरू झाली. "लाज नाही वाटत अण्णा तुम्हाला? गंध लावून फिरता, आणि पोरींना हे शिकवता? तिचे आजोबा असते तर! लग्नाचं बघतोय आम्ही, मुलाकडच्यांनी विचारलं पोरगी काय करते, तर काय सांगू, ब्लॅक अमावास्या करते?"

"सरी," अण्णा म्हणाले.

"काय सरी? हे संगीत आहे? वरच्या मजल्यावर ती वाजवते तेव्हा माझ्या चटणीच्या बरण्या फळीवरून पुढे येतात!"

"सरी, सरी."

त्यांची मान हलत होती. चेहऱ्यावर शांत, विचारी भाव. आणि मी तो चेहरा ओळखला. तो भाव ओळखला. ते सरी तर मी इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतसुद्धा ओळखलं असतं. मी अण्णांच्या डाव्या कानाकडे पाहिलं. मग दुकानातली माझी खुर्ची आठवली, कायम कुठल्या बाजूला ठेवलेली असायची ती. मोकळ्या जागेचं महत्त्व आठवलं. वाचकावरचा अन्याय आठवला. कोचाखाली जाता आलं असतं तर मी गेले असते.

गिरिजाक्का बोलून बोलून दमली. अण्णांनी हात पुढे करून तिचा चष्मा अलगद काढला, खिशातलं पिवळं फडकं घेतलं आणि पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "गिरिजाक्का, तुम्ही आत्ता काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. हा कान गेलाय. हा दुसरापण चाललाय. डॉक्टर म्हणाला, पावसाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. तुमच्या मुलीचं वाजवणं मला ह्या कानानं एकदा पूर्ण ऐकायचंय. अष्टेच."

अष्टे म्हणजे एवढंच.

"यप्पा," गिरिजाक्का म्हणाली. मग उठून त्यांच्या उजव्या बाजूला, म्हणजे जवळजवळ माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि त्यांच्या कानाशी ओरडली, "मग शांत काहीतरी ऐका की! भजन ऐका!"

"वडिलांनी जन्मभर भजनंच ऐकली," अण्णा म्हणाले. "माझ्याहून कमी वयात त्यांचेपण कान गेले. आमच्यात तसंच आहे." आणि मग ते कधी बोलत नसत तेवढं बोलले. लहानपणी त्यांच्या घरात वडिलांना ऐकू जावं म्हणून सगळे ओरडूनच बोलत. जेवायला या, हेसुद्धा ओरडून. लाडानं हाक मारायची तीही ओरडूनच. शाळेतल्या मित्राकडे गेले तर तिथे सगळे हळू बोलत. अण्णांना वाटायचं, या लोकांचं आपसात पटत नाही. "कॉलेजात एकानं हे गाणं ऐकवलं. बाकीची पोरं कानांवर हात ठेवून पळाली. मला वाटलं, घरी आलो."

गिरिजाक्कानं चष्मा घातला. कॉफी आणली. अर्धी-अर्धी करून दोन पेल्यांत, बाय-टू, कारण दूध कमी होतं. मग म्हणाली, "जाऊ दे पोरीला. पण मी येणार. आणि मी या अज्जीशेजारी बसणार. एवढ्या सगळ्यांत सरळ वाचता येईल असं हिनं एकटीनं लिहिलंय."

माझ्या हुशारीला मिळालेलं ते शेवटचं प्रमाणपत्र.

परतताना रिक्षात अण्णांनी मला उजव्या बाजूला बसवलं. मी बाहेरच्या पाट्या वाचत बसले. तेच म्हणाले, "रागावलात का? तुमचं शास्त्र चांगलं असणार, अक्का. पण मी ऐकलं असतं तर मला पटलं असतं. म्हणून सुम्ने डावीकडे बसवत होतो."

सुम्ने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना. बंगळुरात माणसं सगळ्यात मोठी कारणं याच शब्दात सांगतात.

"तुम्हाला पान मोठ्यानं का पाहिजे ते आधी सांगायचंत," मी ओरडले. रिक्षावाला दचकला.

"पुढच्या वर्षी मला पानंच ऐकायला लागतील," अण्णा म्हणाले. "तोवर तुम्हाला जमेल."

होसकोट्याला मी कानात कापूस, वर ह्यांची माकडटोपी, आणि मांडीवर चुरमुऱ्याच्या चिवड्याचा स्टीलचा डबा घेऊन गेले. बाहेरगावी जाताना डबा न्यायचा, मग ते होसकोटे का असेना. शेडमध्ये पत्र्याचं छप्पर. आम्हा दोघींना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या, एका कपाटाएवढ्या स्पीकरशेजारी. मी डबा उघडून त्या कपाटावर ठेवला. अण्णा पलीकडून आले आणि उजवा कान पुढे करून, स्पीकरवर तळहात टेकून उभे राहिले.

मग अनुषानं पहिला ठोका मारला.

ते संगीत कसं होतं हे मी सांगू शकत नाही, कारण माझं हृदय जागेवर आहे का हेच मी पहिली दहा मिनिटं चाचपत होते. गिरिजाक्कानं माझा हात धरला होता. नंतर माझं लक्ष डब्याकडे गेलं. चिवडा नाचत होता. नुसता उड्या मारत नव्हता. प्रत्येकानं आपापली जागा धरली होती. शेंगदाणे मध्ये गोळा झाले, चुरमुरे कडेला कड धरून उभे, आणि ठोका बदलला की सगळी मंडळी हलून नवी आकृती. मी अण्णांना खूण केली. अण्णांनी डब्यात पाहिलं, आणि हसले. तोंड पूर्ण उघडून, गोल चौकटीत न मावेल असं.

गिरिजाक्का बाहेर पडताना एवढंच म्हणाली, "नाव वाईटच आहे. पण पोरगी घाम गाळते." आणि बनियन त्या दिवसापासून घराच्या मागच्या दोरीवर वाळायला लागला, शेजारणींना दिसणार नाही असा.

त्या कार्यक्रमाचा अंक मला लावायचा होता. आठवडाभर मी माझी सगळी आयुधं वापरून पाहिली आणि पानं पुन्हा गप्पच. शेवटी मुलाचा स्पीकर आडवा केला, वर पोळ्यांचं स्टीलचं ताट ठेवलं, ताटात रांगोळी पसरली आणि कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या ठोक्याला सगळी रांगोळी ह्यांच्या ताकाच्या पेल्यात. आवाज कमी केला तर ढिम्म. आवाज मोठा केला तर खालच्या मजल्यावरचे दार वाजवत आले. दार उघडताना मला इतका आनंद झाला, की त्यांना वाटलं मी त्यांचीच वाट बघत होते. पण मधल्या एका आवाजाला रांगोळी उठली, सरकली, आणि तिनं ताटभर काटेरी, सळसळत्या रेघा धरल्या. तशाच, त्या बाभळीच्या भाऱ्यासारख्या. मी फोटो काढत सुटले.

दोन पानं जोडून एकच चित्र लावलं. काळ्यावर पांढरं, कडेपासून कडेपर्यंत, समास नाही, मजकूर नाही. कोपऱ्यात बँडचं मूळ चिन्ह, न वाचता येणारं. छापखान्यातून फोन आला, "मॅडम, पानावर सगळी धूळ आलीय. साफ करून छापू का?"

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

अंक आला तोवर पाऊस लागला होता आणि अण्णांचा उजवा कानही गेला होता. बोलणं त्यांनी जवळजवळ सोडलं होतं. आपला आवाज मोठा येतोय की लहान, त्यांना कळत नसे. पुढे दोन वर्षांनी त्यांनी दुकान बंद केलं, लेकीकडे म्हैसूरला गेले, आणि तिकडेच गेले. मधल्या काळात मी त्यांना पुष्कळदा भेटले असेन. पण मला दिसतात ते त्या दिवशीचेच.

आणखी एक सांगायचं राहिलं. अण्णांनी जन्मात कधी कुणाला आवाज कमी कर असं म्हटलं नव्हतं. समोरच्या लग्नातला बँड, रस्त्यावरचा ड्रिलचा आवाज, गणपतीचे कर्णे, दुकानात भोकाड पसरलेलं मूल. कुणालाच नाही. त्यांच्या मते आवाज कमी असणं ही तक्रारीची गोष्ट होती, जास्त असणं नव्हे.

त्या दिवशी मी दुकानात गेले, अंकाची मधली पानं उलगडून तक्त्याच्या खिळ्याला लावली आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. बाजू बघायचं आता कारण नव्हतं, तरी सवयीनं डावीकडेच. अण्णा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ताठ बसले होते. कडक शर्ट, गंध. त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पिवळ्या फडक्यानं पुसला, घातला, आणि भिंतीकडे पाहत राहिले. बाहेर पाऊस पडत होता, तो त्यांना ऐकू येत नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते सरी म्हणतील याची मला भीती वाटत होती.

आधी डाव्या पायाचा अंगठा हलला. मग उजव्या पायाचा. मग मालोजी अण्णांनी माझ्याकडे वळून, कपाळाला आठ्या घालून, दोन बोटांनी हवेतली एक अदृश्य कळ धरली आणि ती हळूच उलटी फिरवली.

कमी करा, अक्का. स्वल्प कमी करा.